एकटीचा दमा

मला दमा आहे हे डॉक्टरांना कळायच्या कितीतरी आधी माझ्या सासूबाईंना कळलं होतं की मी कामचुकार आहे. त्यांच्याकडे पुरावाही पक्का होता. आमची बेकरी आठवड्यातून एक दिवस बंद असायची आणि त्या दिवशी मी ठणठणीत असायचे. चादरी धुवायचे, जळमटं काढायचे, गच्चीवर दहा वेळा चढउतार करायचे आणि एकदाही खोकायचे नाही. दुसऱ्या दिवशी पिठाला हात लागला, की तासाभरात माझी छाती शिट्ट्या मारायला लागायची. "बरी कामाच्या दिवशीच धाप लागते," सासूबाई भिंतीला सांगायच्या. भिंतीला म्हणजे मला. आमच्या घरात भिंतीला बरंच काही सांगितलं जायचं.

ती भिंतही तशी कामाचीच होती. अलीकडे घर, पलीकडे बेकरी. स्वयंपाकघरातलं एक दार उघडलं, की दोन पायऱ्या उतरून थेट पीठ मळायच्या खोलीत. तिथे नवरा मापं घ्यायचा. पीठ, मीठ, साखर, यीस्ट आणि कुठलीशी पावडर, हे सगळं वजन करून तो यंत्रात टाकायचा आणि त्या मापाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही. भट्टी आणि दुकानादुकानांत माल पोचवणं धाकट्या दिराकडे. गल्ल्यावर सासूबाई. आणि पीठ माझ्याकडे.

म्हणजे मळायचं यंत्रच, पण झालं की नाही हे मी ठरवायचे. बोट रोवून बघायचं. खड्डा हळूहळू भरून आला तर झालं, तसाच राहिला तर अजून नाही, आणि बोटाला चिकटून वर आलं तर देवाचं नाव घ्यायचं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माहेरी माझं मत कुणी भाजीलासुद्धा विचारलं नव्हतं. इथे मात्र नवरा आणि दीर हातातलं काम थांबवून माझ्या बोटाकडे बघत उभे राहायचे. "झालं?" नवरा विचारायचा. मी मुद्दाम जरा वेळ लावायचे. तेवढा मान मला सबंध दिवस पुरायचा. पुढे जे घडलं ते त्या मानापायी, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक म्हणतात, घरी बसून आराम मिळाला तर रडायचं काय कारण?

आमच्याकडे दम्याची माहिती सगळ्यांना होती, कारण सासरे दम्याने गेले होते. आणि दमा तो दमा, त्यात काय बघायचं? सासऱ्यांना केळं चालत नव्हतं म्हणून माझं केळं बंद झालं. ते दोन उशा घेऊन झोपायचे म्हणून मला दोन उशा मिळाल्या. कपाटाच्या खणात त्यांचा अर्धा उरलेला पंप होता, तोही सासूबाईंनी मोठ्या मनाने माझ्या हातावर ठेवला. त्याची मुदत सासऱ्यांच्या आधीच संपली होती. सासऱ्यांच्या चपला घरात कुणाच्या पायाला होईनात म्हणून टाकून दिल्या होत्या. त्यांचा दमा मात्र मला बरोबर बसेल अशी सगळ्यांची खात्री होती.

शेवटी एकदा पिठाच्या टेबलावरच मी ओणवी झाले, तेव्हा नवऱ्याने मला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या, बोलायला फटकळ. त्यांनी छाती तपासली आणि मग पंप लिहून द्यायचं सोडून प्रश्न विचारत बसल्या. धाप कधी लागते, कुठे लागते, तेव्हा हातात काय असतं, आधी शिंका येतात का, गावाला गेलं की कसं असतं. मला इतके प्रश्न लग्न ठरवतानासुद्धा कुणी विचारले नव्हते.

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

मी नवऱ्याकडे बघितलं. मग खाली मान घालून, चोरी कबूल करावी तसं सांगितलं, "सुट्टीच्या दिवशी काही होत नाही."

डॉक्टरबाई खुर्चीत एकदम पुढे सरकल्या. "हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

त्यांना काय सांगणार? आमच्याकडे तो गुन्हा होता.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "दमा हे नुसतं आडनाव आहे. एका आडनावाची माणसं सारखी असतात का? कुणाचा मांजराने उठतो, कुणाचा थंडीने, कुणाचा धावल्यावर. तुमच्या दम्याचं नाव काय ते शोधायचं, मग औषध. माझा अंदाज आहे की तुमचा तुमच्या बेकरीतच आहे. पण अंदाजावर मी कुणाचं काम सोडायला सांगत नाही."

त्यांनी मला एक प्लास्टिकची नळी दिली. तिच्यात जोरात फुंकायचं, की काटा वर सरकतो. हिरव्यात गेला तर श्वास ठीक, पिवळ्यात गेला तर जपून, लाल म्हणजे धावत इकडे या. आधी पंधरवडाभर बेकरीत पाऊल टाकायचं नाही आणि रोज फुंकायचं. मग पंधरवडाभर कामावर जायचं आणि रोज फुंकायचं. "कामावर रोजच्यासारखंच सगळं असू दे," त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. "काहीही बदलायचं नाही. कळलं?"

नवऱ्याने मान हलवली. मान हलवण्यात तो पहिल्यापासून पटाईत.

पहिला पंधरवडा मी घरात काढला. काटा हिरव्यात, आणि रोज थोडा थोडा वरच. सासूबाई त्या नळीला फुंकणी म्हणायच्या. "झाली का फुंकणी फुंकून? चूल पेटली का?" असं विचारून स्वतःच हसायच्या. मला राग यायचा, पण श्वास इतका मोकळा होता की राग धरवत नव्हता.

मग कामावर परत जायची वेळ आली, आणि त्या दिवशी स्वयंपाकघरातलं दार उघडलं तर मी पायरीवरच उभी राहिले. आपण चुकून दुसऱ्याच्या बेकरीत आलो असं वाटलं. फरशी ओल्या फडक्याने पुसून लख्ख. पिठाची पोती कोपऱ्यात रचून त्यांच्यावर ओली कापडं. कोळिष्टकं गेलेली. खिडकीत दिराने नवीन पंखा बसवलेला, आतली हवा बाहेर फेकणारा. सासूबाई पांढराशुभ्र एप्रन हातात घेऊन उभ्या.

तपासणी म्हटलं की आमच्या घराण्याला एकच गोष्ट कळते. वर्षातून एकदा खात्याचे साहेब बेकरी बघायला येतात. त्याच्या आदल्या दिवशी घरदार कामाला लागतं, उघडे डबे माळ्यावर जातात, फरशीवर जेवायला बसता येईल अशी स्वच्छता होते, आणि साहेब शिक्का मारून गेले की डबे खाली येतात. पिढ्यान्‌पिढ्या असं चाललंय. आता डॉक्टरांची तपासणी होती, एवढाच काय तो फरक.

"आई, डॉक्टर म्हणाल्या होत्या काही बदलायचं नाही," मी म्हणाले.

"परीक्षेला जाताना पोरं अंघोळ करून जातात ना? ती काय लबाडी असते?" सासूबाईंनी स्वतःच्या हाताने माझा एप्रन बांधला. "चांगली पास हो. लोक म्हणायला नकोत की यांच्या बेकरीने सून आजारी पडली."

खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. आमच्या घरात माझ्यासाठी कुणी फरशी पुसली होती. त्या घटकेला सासूबाईंनी मला भट्टीत बसायला सांगितलं असतं तरी मी बसले असते.

मी पास झाले. काटा हिरव्यातून हलला नाही. एवढंच, की त्या दिवसांत पाव बिघडला. सकाळचा पाव संध्याकाळी वातड आणि दुसऱ्या दिवशी दगड. पीठसुद्धा बोटाला वेगळंच लागत होतं, आळसावल्यासारखं. मी नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "पिठाचा माल खराब आलाय, बदलून मागवलाय." गिऱ्हाईकं कुरकुरली, दिराने दुकानदारांच्या शिव्या खाल्ल्या. पण माझ्या निकालाच्या आनंदात ते सगळं वाहून गेलं. सासूबाईंनी आल्यागेल्याला सांगितलं, "आमची सून पास झाली." कशात ते कुणी विचारलं नाही.

डॉक्टरबाईंचा मात्र चेहरा पडला. त्यांनी आकडे दोनदा वाचले. "सगळं रोजच्यासारखंच होतं?"

"हो," नवरा म्हणाला.

मीही हो म्हणाले. जरा फरशी पुसली होती, एवढं काय सांगायचं?

"मग बेकरी नाही. माझा अंदाज चुकला," त्या म्हणाल्या. मोठी माणसं असं सहसा म्हणत नाहीत, म्हणून मला त्या आणखीनच आवडल्या. त्यांनी नवा पंप दिला, आणि धाप परत लागलीच तर घ्यायला गोळ्या.

धाप लागायला आठवडासुद्धा लागला नाही. पोत्यांवरची कापडं निघाली, पंखा वीज खातो म्हणून बंद झाला, पाव परत मऊ झाला, आणि माझी छाती परत वाजायला लागली. मी गोळ्या घेतल्या. डॉक्टरांनी वाढवल्या. पुढे पुढे गोळ्यांनी माझा चेहरा परातीसारखा गोल झाला, बोटं सुजली, अंगठी निघेना. सासूबाईंनी भिंतीला सांगितलं, "बसून खाल्लं की अंगी लागतंच." आणि आता तर तोंड उघडायची सोय नव्हती. बेकरीने होतं म्हणावं, तर मी पास झालेली होते. माझी मलाच शंका यायला लागली. कदाचित मी खरंच कामचुकार असेन. शरीराला माझ्याआधी कळलं असेल.

एका भर दुपारी काटा लालमध्येही दिसेना, कारण मला फुंकताच येईना. मला दवाखान्यात टाकलं. नाकावर वाफेचा मुखवटा, हाताला सुई. दोन दिवसांनी जरा बोलता यायला लागल्यावर दीर भेटायला आला. पोरगा मनाचा साधा. येताना ताजा पाव घेऊन आला होता.

"खाऊन बघ वहिनी, कसा कापसासारखा झालाय. तुझ्या परीक्षेच्या वेळचे दगड आठवतात ना? दादाने पावडर माळ्यावर टाकली होती तेव्हा. काय बोलणी खाल्ली मी दुकानांत!"

"कुठली पावडर?"

"आपली ती. पाव मऊ राहायची." मग माझा चेहरा बघून तो थांबला. "तुला माहीत नव्हतं?"

संध्याकाळी नवरा आला. मी मुखवटा काढून त्याला विचारलं. तो आधी खिडकीकडे गेला, मग खाटेच्या लोखंडी कडेला हात लावून उभा राहिला.

"मी डबा उघडला की तू शिंकायचीस," तो म्हणाला. "कितीतरी दिवसांपासून. डबा उघडला की शिंक, मग खोकला, मग धाप. मी बघत होतो."

"आणि तरी डॉक्टरांना नाही सांगितलंस?"

"त्यांनी तुला बेकरी सोडायला लावली असती. पीठ कुणी बघायचं मग? आणि तुलाही तेच हवं होतं ना, तिथे राहायला? मी तुझ्यासाठीच केलं."

माझ्याकडे इतकं बारीक लक्ष आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. माझी शिंक, माझा खोकला, त्यांचा क्रम, सगळं त्याला पाठ होतं. जे डॉक्टर प्रश्न विचारून विचारून शोधत होत्या ते हा माणूस खिशात घालून त्यांच्यासमोर बसला होता आणि मान हलवत होता. माझ्यात जोर असता तर मी सलाइनची बाटली त्याच्या डोक्यात घातली असती. जोर नव्हता, म्हणून मी परत मुखवटा चढवला.

डॉक्टरबाईंना मीच सांगितलं. त्या इतक्या चिडल्या की नर्स दारातून डोकावून गेली. "तुम्हाला गोळ्या कुणी चारल्या? मी. कशाच्या जोरावर? तुमच्या खोट्या आकड्यांच्या," त्या म्हणाल्या. माझ्या अंगात ताकद आल्यावर त्यांनी दिराकडून बेकरीतल्या प्रत्येक जिनसाची पुडी मागवली. माझ्या हातावर पेनाने खुणा करून प्रत्येकाचा एक एक थेंब ठेवला आणि सुईने टोचलं. पीठ, यीस्ट, तीळ, दूध पावडर. सगळं गप्प. एका खुणेवर मात्र बघता बघता डास चावल्यासारखी गांधी उठली आणि पसरली.

"ही," त्या म्हणाल्या. "पीठ नाही, भट्टी नाही, तुमचा स्वभाव नाही. ही एक पावडर. ही हवेत उडते आणि तुमच्या छातीत जाते. बाकी कुणाला नसेल होत. हा तुमचा दमा आहे, तुमचा एकटीचा. त्यामुळे इलाजही तुमच्याच मापाचा." इलाज सोपा होता. पावडर बंद करायची. नाहीतर तीच वस्तू लोण्यासारखी ओली मिळते, ती उडत नाही, ती वापरायची. दोन्ही जमणार नसेल तर मी बेकरीत जायचं नाही. "पण मला वाटतं ओलीने काम होईल," त्या म्हणाल्या. "तुमचं हातातलं काम जायला नको."

मी इतकी हलकी होऊन घरी आले की पायऱ्या चढल्याचं कळलं नाही. दम्याला नाव मिळालं होतं, आणि ते नाव माझं नव्हतं.

जेवणाच्या टेबलावर मी सगळं सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नेमकं एकच वाक्य उचललं. "म्हणजे डॉक्टरच म्हणाल्या ना, तुझा एकटीचा आहे म्हणून? मग आम्ही कशाला पावडर सोडायची? मी इतकी वर्षं गल्ल्यावर बसते, मला नाही झालं. याला नाही झालं, त्याला नाही झालं. तुलाच कसं होतं?"

"ओली वापरून बघू," मी नवऱ्याला म्हणाले.

"त्याने पाव तसा येत नाही."

"कधी वापरलीस?"

"मला माहीत आहे," तो म्हणाला. दीर ताटात बघत होता. नवऱ्याने माझ्या हातावर हात ठेवला, सगळ्यांच्या देखत, जे तो कधी करत नसे. "तू घरी राहा. पाव काय, होत राहील. तुझी तब्येत महत्त्वाची."

यापेक्षा शिवी दिली असती तर बरं. शिवीला उत्तर देता येतं. तब्येत महत्त्वाची, यावर कुठली बाई काय बोलणार? मी काही म्हणायच्या आत ठरूनही गेलं.

तर मी घरी राहिले. मधलं दार कायमचं बंद झालं आणि खालच्या फटीत मी ओलं फडकं कोंबायला लागले. नवरा काम संपलं की मागच्या नळावर अंघोळ करून, कपडे बदलून मगच घरात यायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि तो ते न चुकता करायचा. आल्यागेल्या बायका म्हणायच्या, नवरा किती जपतो गं तुला. गोळ्या सुटल्या, चेहरा जागेवर आला, अंगठी बोटात फिरायला लागली. डॉक्टरबाई खूश. मला श्वास होता आणि त्याचं करायला काही नव्हतं. भिंतीपलीकडे यंत्र थांबलं की आवाजावरून मला कळायचं, पीठ अजून झालेलं नाही, लवकर काढताहेत. भाजी निवडता निवडता माझं बोट आपोआप ताठ व्हायचं.

पंप मी फळीवर ठेवलेला असायचा, लागलाच तर म्हणून. क्वचितच लागायचा. एक दिवस सहज हातात घेतला तर हलका. दाबला तर नुसती फुस्स. मला वाटलं, जुना असेल. नवीन आणला. महिनाभरात तोही हलका झाला.

पंपातल्या औषधाला पाय फुटत नाहीत. मी कुणाला काही विचारलं नाही, नुसतं लक्ष ठेवलं. लक्ष ठेवणं कसं असतं हे मला आता कळलं होतं. आणि मग मला ऐकू आलं. दुपारी काम उरकून नवरा मागच्या नळावर गेला, की अंघोळीआधी गुळण्या करायचा. चांगल्या खळखळून, मान वर करून. पंप घेतला की गुळण्या करायच्या, हे डॉक्टरांनी मला शिकवलं तेव्हा तो शेजारच्या खुर्चीवर बसलेला होता. माझ्या दम्याचा सगळा अभ्यास त्याने पहिल्यापासून मन लावून केला होता.

मी फुंकणी काढून त्याच्या समोर धरली. "फुंक."

"कशाला?"

"फुंक म्हणते ना."

"आत्ता दमलोय," तो म्हणाला. त्याच्या गळ्याच्या खालची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. "सुट्टीच्या दिवशी फुंकतो. निवांत."

मला हसू फुटलं. थांबवता येईना. तो रागावून बाहेर निघून गेला.

सुट्टीच्या दिवशी त्याने सकाळी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, खिडकी सताड उघडली आणि तिच्यासमोर उभं राहून फुंकलं. हिरवा. "बघ," तो म्हणाला, "मला काही नाही."

"पास," मी म्हणाले.

सासूबाई दारातून बघत होत्या. "त्याचं काय बघतेस? तो राबतो. त्याला धाप लागते ती कामाने. तुला लागायची ती कामाच्या नावाने."

त्यानंतरच्याच आठवड्यात, दुपारी, भिंतीपलीकडे यंत्र मध्येच बंद झालं. पीठ व्हायला पुष्कळ वेळ होता, त्यामुळे मी कान टवकारले. काहीतरी पत्र्याचं फरशीवर पडून घरंगळलं. मग सासूबाईंची किंकाळी आली, "अगं पंप! पंप आण!"

मी पंप घेऊन दार ओढलं. ओलं फडकं दाराबरोबर फरपटत आलं. तो टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ओणवा उभा होता, खांदे कानाला लागलेले, तोंड उघडं. तसं उभं राहणं मला आतून माहीत होतं. पलीकडे पावडरचा डबा उघडा होता, माप खाली पडलेलं होतं, आणि खिडकीतल्या उन्हात पांढरा धूर तरंगत होता. मी वरच्या पायरीवर थांबले.

"बाहेर ये," मी म्हणाले.

"बघत काय उभी राहिलीस? आत जाऊन दे ना त्याला!" सासूबाई ओरडल्या.

"मी आत आले तर दोघांना लागेल, आणि पंप एकच आहे." हे मी भिंतीला सांगितलं नाही. "बाहेर ये रे. ये."

दिराने त्याला धरून वर आणलं. तो स्वयंपाकघराच्या फरशीवर बसला. मी पंप हलवला, त्याच्या ओठांत धरला. "आधी सोड. सगळा सोड. आता ओढ. धर. धरून ठेव." परत. परत. माझा हात त्याच्या पाठीवर होता आणि तळव्याखाली ती शिट्टी वाजत होती, अगदी माझीच. क्षणभर मला त्याची दया आली. मग आठवलं की त्याला माझी शिट्टीसुद्धा अशीच ऐकू येत होती.

हळूहळू खांदे खाली आले. सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "बापाचं आलंय. यांच्या घराण्यातच आहे ते." माझा होता तेव्हा कामचुकारपणाचा होता. त्याचा आल्याबरोबर घराण्याचा झाला.

"डॉक्टरांना सांगू नकोस," तो म्हणाला. पहिला पुरा श्वास मिळाल्यावर त्याने हे वाक्य खर्च केलं. "बेकरी सोड म्हणतील."

"डबा बंद करून माळ्यावर टाक," मी म्हणाले. "आजपासून. नुसता तो डबा. तुला माहितीये कसं टाकायचं. एकदा टाकलायस."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला खरंच वाटलं की तो हो म्हणेल. त्याच्यासाठी म्हणेल, माझ्यासाठी नाही, पण म्हणेल. आणि मग ते दार उघडेल, आणि मी खाली उतरून पिठात बोट रोवेन. मी श्वास धरून वाट बघितली.

त्याने दाराकडे बघितलं. "पीठ तसंच पडलंय यंत्रात," तो म्हणाला आणि भिंतीला धरून उठला. "सांगणार नाहीस ना?"

"मी कशाला सांगू?" मी म्हणाले. "तुझा दमा आहे. तुझा एकट्याचा."

 मग माझ्या हातातला पंप घेऊन त्याने खिशात टाकला आणि पायऱ्या उतरून आत गेला. "तुला त्रास नको," असं म्हणत त्याच्यामागोमाग उतरलेल्या सासूबाईंनी तिकडून दार ओढून घेतलं. मी खाली बसून ओलं फडकं परत फटीत कोंबलं, अगदी घट्ट. पलीकडे डब्यावर माप आपटल्याचा आवाज आला, मग यंत्र सुरू झालं. थोड्या वेळाने ते थांबलं. पीठ अजून झालं नव्हतं. मला कुणी विचारलं नाही.